गिटारमधून पॅड काढायचाय? रिव्हर्ब नंतर, आधी पाय

गिटारवर पॅड, म्हणजे गाण्याच्या किंवा संवादाच्या मागे लांबलचक तरंगत राहणारा आवाज, काढायचा म्हटलं की बहुतेक जण आधी रिव्हर्ब पेडल (आवाज मोठ्या हॉलमधे घुमल्यासारखा करणारं) बघायला लागतात. मग एक घेतात, ते विकून दुसरं महागाचं घेतात, तरी पॅड काही होत नाही, गुहेत बसून कोणीतरी गिटार वाजवतंय असंच वाटत राहतं. कारण गिटार आपल्याला ओळखू येते ती तार छेडल्याच्या पहिल्या क्षणावरून, तो पिकचा 'टक्' असतो ना, त्यावरून. त्या टकवर दहा सेकंदांचा रिव्हर्ब लावला तर दहा सेकंद टकच घुमणार, दुसरं काय होणार. पटत नसेल तर मोबाईलवर एक कॉर्ड रेकॉर्ड करा, कुठल्याही एडिटिंग ॲपमध्ये सुरुवातीचा अर्धा सेकंद कापा आणि उरलेलं ऐका. गिटार आहे की ऑर्गन, पटकन सांगता येत नाही.

तेव्हा कामं तीन, आणि क्रम हाच: सुरुवातीचा टक घालवायचा, मधे आवाज मरू द्यायचा नाही, आणि मग जे हातात उरतं ते पसरवायचं. रिव्हर्बचा नंबर तिसरा. मी जास्त करून इथे पुण्यात एकांकिकांना लाइव्ह म्युझिक करतो त्यामुळे माझी उदाहरणं त्या बाजूची असतील, पण घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांना किंवा भजन-भावगीतांच्या मागे वाजवणाऱ्यांनाही हेच लागू पडतं.

गिटारवरच काय करायचं

नेक पिकअप लावा, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपपैकी गिटारच्या मानेकडचा. ब्रिज पिकअपवर तारेचा करकरीतपणा जास्त येतो आणि तो आपल्याला नकोच आहे. टोन नॉब निम्म्याच्या आसपास. पिक खिशात ठेवा आणि अंगठ्याच्या मांसल भागाने बाराव्या फ्रेटजवळ छेडा, तिथे आवाज गोल येतो. तारा नव्याकोऱ्या असायची गरज नाही, थोड्या जुन्या झालेल्या तारा पॅडला उलट बऱ्या वाटतात. पण ट्यूनिंगमधे सूट नाही हां. एरवी कॉर्ड दोन सेकंदांत विरते म्हणून थोडा बेसूरपणा खपून जातो, इथे तीच कॉर्ड वीस सेकंद लटकणार आहे आणि दोन तारांमधला बारीक फरकसुद्धा 'वाँव वाँव' करत सगळ्यांना ऐकू जाणार आहे. ट्यूनर सारखा बघत राहा, पावसाळ्यात तर बघाच.

पेडलचा क्रम

गिटार, ट्यूनर, कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज एका पातळीला आणणारा), ओव्हरड्राईव्ह (आवाज जरा फाटका करणारा) असेल तर तो, मग व्हॉल्यूम पेडल (पायाने आवाज कमी-जास्त करायचं), मग कोरस (आवाज किंचित हलता, जाड करणारा), मग डिले (वाजवलेलं थोड्या वेळाने परत परत ऐकवणारा), मग रिव्हर्ब, आणि लूपर (वाजवलेलं रेकॉर्ड करून फिरवत ठेवणारा) असेल तर सगळ्यात शेवटी. बाकी जागा तुम्ही आवडीने हलवा, कोण काही म्हणणार नाही, पण व्हॉल्यूम पेडल डिले-रिव्हर्बच्या आधीच पाहिजे. नंतर लावलं तर पेडल बंद केलं की मागे घुमणारी शेपूटही त्याच क्षणी कापली जाते. आधी असेल तर पेडल पूर्ण बंद करूनही मागचा आवाज आपला चालू राहतो, आणि त्याच आवाजाच्या आडोशाला तुम्ही गुपचूप पुढची कॉर्ड पकडता, ऐकणाऱ्याला कळतच नाही हात कधी हलला ते.

मल्टी-इफेक्टवाल्यांनी (एकाच मशीनमधे सगळे इफेक्ट असणाऱ्यांनी) हे नीट तपासा. बऱ्याच मशीनमधे एक्स्प्रेशन पेडलला दिलेला व्हॉल्यूम चेनच्या शेवटी बसलेला असतो. मेनूमधे जाऊन तो ब्लॉक उचलून डिलेच्या आधी ठेवा, बस.

कॉम्प्रेसर आधी ठेवायचं कारण असं की तार विझायला लागली की तो तिला वर उचलतो, म्हणजे स्वेल (पायाने आवाज शून्यातून हळूहळू चढवणं) करायला जास्त वेळ मिळतो. पण तो तारेबरोबर घरघरही उचलतो, म्हणून सस्टेनचा नॉब निम्म्याच्या पुढे नेऊ नका. हलका ओव्हरड्राईव्हसुद्धा जवळपास हेच काम करतो, वर थोडे हार्मोनिक्स देतो, त्यामुळे पॅड जरा व्हायोलिनच्या बाजूला झुकतो. मला तो आवडतो, काही जणांना नाही आवडत.

अजून एक, पॅसिव्ह व्हॉल्यूम पेडल घेताना ते किती ओहमचं आहे ते विचारा. साध्या पिकअपची गिटार थेट त्यात जात असेल तर २५० किलो-ओहमचं, आणि त्याच्या आधी बफर (गिटारचा सिग्नल दमदार करणारा भाग) असलेलं एखादं पेडल कायम चालू असेल तर २५ किलो-ओहमचं. उलटं केलं, म्हणजे गिटार थेट २५ मधे घातली, तर वरचे सूर पांघरूण घातल्यासारखे दबतात आणि मग माणूस उगाच पिकअपला शिव्या घालत बसतो.

स्वेल, म्हणजे खरं काम

टाच खाली म्हणजे पेडल बंद, चवडा खाली म्हणजे पूर्ण चालू. डिले-रिव्हर्ब सगळं बंद करा, कोरड्या आवाजावरच शिका. मेट्रोनोम ६० वर लावा. पहिल्या ठोक्याला पेडल बंद असताना कॉर्ड छेडा, आणि चांगली जोरात छेडा, टक तर कुणाला ऐकू जाणार नाहीये आणि तारेत जितका जीव घालाल तितकी ती टिकेल. दुसऱ्या-तिसऱ्या ठोक्यात पाय सावकाश पुढे. चौथ्याला सावकाश मागे. पाय मागे येताना डावा हात मात्र कॉर्डवरून हलवू नका, पेडल पूर्ण बंद झाल्यावरच बोटं उचला, नाहीतर ते तारांवर बोट घासल्याचं 'चुंई' डिलेमधे शिरतं आणि मग पाच-सहा वेळा परत ऐकावं लागतं.

बहुतेकांचं गडबडतं ते पहिल्या इंचात. पेडल किंचित उघडलं की आवाज एकदम उसळी मारतो, त्यामुळे तिथे पाय सगळ्यात मंद पाहिजे, पुढे वेग वाढवलात तरी चालतं. पूर्ण चवड्यापर्यंत जायचंच असंही नाही, पाऊण भागावर थांबा, म्हणजे कधी प्रसंगाला जोर हवा असेल तर थोडी जागा शिल्लक राहते. चपला-बूट काढून मोज्यांवर वाजवून बघा, फरक कळेल.

आता वेळेचा हिशोब. तुम्ही छेडता एक नंबरला आणि आवाज भरतो तीन नंबरला, म्हणजे गाण्याबरोबर असाल तर तुम्ही कायम मागे राहणार. समेवर पॅड भरलेला हवा असेल तर छेडायचं दोन मात्रा आधी. हे वाचायला सोपंय, तबलजीबरोबर बसून चार वेळा केलं की अंगवळणी पडतं.

पेडल नसेल तर गिटारचा व्हॉल्यूम नॉब आणि करंगळी. स्ट्रॅटच्या धाटणीच्या गिटारवर नॉब तारांच्या अगदी जवळ असतो म्हणून जमतं, लेस पॉल पद्धतीवर करंगळी पोहोचता पोहोचत नाही. तिसरा मार्ग म्हणजे आपोआप स्वेल करणारं पेडल. बॉसने १९७९ मधे स्लो गिअर नावाचं काढलं होतं, आता तसला इफेक्ट स्लो अटॅक किंवा ऑटो स्वेल अशा नावाने बऱ्याच मशीनमधे मिळतो. एकेका सुराला छान चालतो, पण त्याला प्रत्येक वेळी मधे शांतता लागते, तरच त्याला कळतं की नवा सूर आलाय. तारा घुमत असतानाच पुढची कॉर्ड मारली तर तो झोपलेला असतो आणि टक सरळ बाहेर येतो. म्हणून पायाला पर्याय नाही.

डिले

इथे दोन डिले असतील तर उत्तम, एक असेल तरी चालेल. वेळ काढायचं गणित सोपं आहे: ६०,००० ला टेम्पोने भागा, एका मात्रेचे मिलीसेकंद मिळतात. ७२ च्या टेम्पोला ते येतात ८३३, आणि त्याचा पाऊण भाग म्हणजे ६२५, ज्याला डॉटेड एट्थ म्हणतात. पहिला डिले ६२५ वर, फीडबॅक (आवाज किती वेळा परत येणार) ४० ते ५० टक्के, मिक्सही (मूळ आवाजात इफेक्ट किती मिसळायचा) साधारण तितकंच. दुसरा डिले पहिल्याच्या नेमका दुप्पट किंवा निम्मा ठेवू नका, नाहीतर दोघांचे ठोके एकमेकांवर पडतात आणि कानाला मोजता येतात. मी दुसरा ४०० च्या आसपास ठेवतो. ठोका मोजता आला की तो डिले झाला, पॅड नाही.

ॲनालॉग किंवा टेप मोड निवडा, त्यात प्रत्येक पुनरावृत्ती जरा मळकी होत जाते, तेच हवंय. फीडबॅक फार वर नेलात, बऱ्याच पेडलवर पाऊण नॉबच्या पुढे, तर आवाज विझायच्या ऐवजी स्वतःच वाढत जातो, मग हेडफोन काढून पळापळ.

रिव्हर्ब

आता कुठे याचा नंबर लागला. हॉल किंवा प्लेट घ्या, डिके (घुमणं विरायला लागणारा वेळ) ६ ते १० सेकंद, मिक्स ६० टक्क्यांच्या वर. प्री-डिले (रिव्हर्ब सुरू व्हायच्या आधीचा विराम) शून्याजवळ, कारण प्री-डिले कशाला असतो, तर कोरडा सूर रिव्हर्बपासून जरा सुटा ऐकू यावा म्हणून, आणि आपल्याला नेमकं ते नकोय.

सगळ्यात महत्त्वाचे दोन नॉब लोक हातच लावत नाहीत: लो कट (खालचे सूर कापणारा) आणि हाय कट (वरचे कापणारा). गिटारची सहावी तार मोकळी साधारण ८२ हर्ट्झला वाजते, पाचवी ११० ला. हे खालचे सूर रिव्हर्बमधे एकावर एक साचत जातात आणि तिसऱ्या-चौथ्या कॉर्डपर्यंत सगळा गाळ होतो, कुठलीच कॉर्ड धड ऐकू येत नाही. लो कट २०० हर्ट्झच्या आसपास ठेवा. एकटं ऐकताना पॅड पातळ वाटेल, वाटू दे, बाकीची वाद्यं आली की बरोबर बसतो. हाय कट ४ किलोहर्ट्झला, म्हणजे वरचा फुसफुसाट जातो.

शिमर, म्हणजे रिव्हर्बच्या शेपटीत वरच्या सप्तकातला सूर मिसळत जातो तो प्रकार, पहिले दोन दिवस स्वर्गीय वाटतो आणि मग लक्षात येतं की प्रत्येक तुकडा एकाच जाहिरातीचं म्युझिक वाटतोय. ठेवा, पण १५-२० टक्के, आणि वरच्या तारांवर वाजवत असाल तर बंदच ठेवा.

कोरसबद्दल फार सांगण्यासारखं नाही, वेग अगदी मंद, खोली मध्यम, झालं.

न संपणारा आवाज

स्वेल कितीही केली तरी तार शेवटी विझतेच. त्यापुढे तीन रस्ते आहेत.

फ्रीझ पेडल, इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं याच नावाचं मिळतं, ते दाबलेल्या क्षणाचा आवाज पकडून तसाच धरून ठेवतं. व्हॉल्यूम पेडलच्या नंतर लावा, म्हणजे टाच खाली केली तरी धरलेला सूर जात नाही. दाबायचं कधी, तर स्वेल पूर्ण भरल्यावर. छेडताक्षणी दाबलंत तर टकच गोठतो आणि कचकचीत आवाज लागून राहतो. आणि फ्रीझ केलेला सूर अगदी सपाट असतो, त्यामुळे त्याच्या पुढे कोरस हवाच.

ईबो हातात धरायचं यंत्र आहे, ग्रेग हीट नावाच्या माणसाने १९६९ मधे शोधलं. ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं, विद्युतचुंबकाने स्टीलची तार सतत हलवत ठेवतं, म्हणून नायलॉनच्या तारेवर काहीच होत नाही. एका वेळी एकच तार. आजूबाजूच्या दोन तारांवर टेकवून पिकअपच्या जवळ सरकवला की आवाज वाढतो, लांब नेला की कमी होतो, म्हणजे तिथेही स्वेल हातानेच. आलापीसारखं एकसुरी काही वाजवायला याच्याइतकं चांगलं दुसरं काही मी तरी वापरलेलं नाही.

तिसरा लूपर, आणि ही युक्ती नीट वाचा. सरळ पॅड वाजवून लूप केला तर जिथे लूप संपून सुरू होतो तिथे शेपूट कापली जाते आणि दर वेळी तो सांधा ऐकू येतो. म्हणून लूपर रिव्हर्बच्या नंतर ठेवा, काहीही न वाजवता २०-२५ सेकंदांची शांतता रेकॉर्ड करा, आणि मग ओव्हरडबमधे जाऊन त्यावर स्वेल करा. आता शेवटच्या कॉर्डची शेपूट सांध्यावरून पुढे, लूपच्या सुरुवातीवर जाऊन बसते आणि सांधा सापडत नाही. कल्पना जुनीच आहे, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला गिटारिस्ट रॉबर्ट फ्रिप आणि संगीतकार ब्रायन ईनो दोन रील टेपरेकॉर्डर जोडून हेच करायचे, एकावर रेकॉर्ड झालेलं दुसऱ्यावर वाजायचं आणि परत पहिल्यात जायचं.

सूर कुठले लावायचे

यावर फार कमी बोललं जातं आणि अर्ध्या पॅडची वाट इथेच लागते. मागची कॉर्ड रिव्हर्बमधे लटकत असताना पुढची येते, म्हणजे दोन्ही कॉर्डचे सगळे सूर काही सेकंद एकत्र वाजतात. त्यात अर्ध्या स्वराच्या अंतरावरचे दोन सूर भेटले की खरखर. आपल्याकडे यावर तयार उत्तर आहे. भूप घ्या: सा रे ग प ध. यातले कुठलेही दोन सूर अर्ध्या स्वराच्या अंतरावर नाहीत, त्यामुळे पाचही एकदम लटकले तरी कानाला टोचत नाही. दुर्गा आणि मालकंसचंही तसंच. यमनमधे मात्र तीव्र म आणि प शेजारी-शेजारी आहेत, नि आणि सा सुद्धा, तिथे तीव्र म लावलात तर तो पूर्ण विरल्याशिवाय प आणू नका.

गिटारवर पांढरी दोनचा भूप, म्हणजे सा डी वर, एकदम सोपा पडतो. चौथी तार मोकळी, तिसरीवर दुसरा फ्रेट, हे दोन कायम धरून ठेवा, हा झाला सा-प, तानपुऱ्यासारखा खाली चालू राहणारा. खालच्या दोन जाड तारा वाजवायच्या नाहीत. आता वरच्या दोन तारांवरच बदल करा: दुसरीवर तिसरा फ्रेट आणि पहिली मोकळी ठेवलीत तर सा-रे. दोन्ही मोकळ्या, तर ध-रे. दुसरीवर तिसरा आणि पहिलीवर दुसरा, तर सा-ग. या तीन पकडी आलटून पालटून, प्रत्येकीला आठ-दहा सेकंद, एवढ्यावर एका अख्ख्या प्रसंगाचं पार्श्वसंगीत निघतं. गायक काळी एकचा असेल तर सी च्या पकडी आणि पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा), गायिका काळी पाचची असेल तर जी च्या पकडी आणि तिसऱ्या फ्रेटला. सूर जुळले का बघायला मोबाईलवर तानपुरा ॲप लावा, मेट्रोनोमपेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो.

घरघर

पॅडमधे सगळं लांब होतं, घरघरसुद्धा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हम ५० आणि १०० ला येतो. सिंगल कॉइल पिकअप असेल तर गिटार धरून हळूहळू गोल फिरा, एका दिशेला हम एकदम कमी होतो, तिथे खुर्ची मांडा. पंख्याचा रेग्युलेटर आणि एलईडी दिव्यांचे डिमर हे मोठे गुन्हेगार. लाईट गेली आणि घर साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर असेल तर त्या वेळात रेकॉर्डिंगचा विचारच सोडा. लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच शांतता होते. थ्री-पिनमधली अर्थिंगची पिन काढून टाक असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, हम जाईल पण शॉक बसेल.

नॉइज गेट (आवाज अगदी कमी झाला की तो पूर्ण बंद करणारा) लावायचाच तर व्हॉल्यूम पेडलच्या आधी, शेवटी लावलात तर तो शेपूट कापतो. पॉवरसाठी वेगवेगळे आऊटपुट असलेला आयसोलेटेड सप्लाय घ्या, रिव्हर्बच्या आधी यावर पैसे घाला. पुण्याच्या तपकीर गल्लीत केबल, जॅक, ९ व्होल्टचे ॲडाप्टर सगळं मिळतं, फक्त ॲडाप्टर घेताना त्यावरची खूण बघा: बहुतेक गिटार पेडलना मधली पिन निगेटिव्ह लागते आणि बाजारातले साधे ॲडाप्टर बरेचदा उलटे असतात. डिजिटल डिले-रिव्हर्ब करंटही जास्त खातात, पेडलच्या मागे किती मिलीॲम्पिअर लिहिलंय ते वाचूनच दुकानात जा.

पेडल नसतील तर

ऑडिओ इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडणारी डबी), लॅपटॉप आणि गिटारचा नॉब एवढ्यात होतं. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ६० दिवस फुकट वापरून बघता येतं, वल्हाला कंपनीचा सुपरमॅसिव्ह हा डिले-रिव्हर्ब प्लगइन कायमचा फुकट आहे आणि पॅडसाठी खरंच भारी आहे. क्रम वरचाच. लेटन्सीची (वाजवल्यापासून ऐकू येईपर्यंतच्या उशिराची) फार चिंता करू नका, एरवी १०-१५ मिलीसेकंद उशीर बोटांना खुपतो, इथे टकच नाही त्यामुळे कळतही नाही.

स्टेजवर

घरी हेडफोनवर स्टिरिओमधे केलेला पॅड थिएटरात बरेचदा मोनोमधे जातो. म्हणून आदल्या दिवशीच सगळं मोनो करून ऐका, रुंद कोरसवाले आवाज मोनोमधे कधीकधी अर्धे गायब होतात.

संवादाखाली वाजवताना आवाज कमी करणं हा एकच उपाय नाही. तालमीत दिग्दर्शक पोरगा "दादा, छान वाटतंय, पण मला वाक्यं कळत नाहीयेत" म्हणतो तेव्हा मी आधी इक्यूवर (आवाजाचे वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करायचं साधन) १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात तीनेक डेसिबल कापतो, माणसाच्या बोलण्यातली स्पष्टता तिथेच असते, आणि बहुतेक वेळा पॅड होता तेवढाच राहूनही वाक्यं वर येतात. व्हॉल्यूम पेडलच्या कडेला रंगीत टेपने खूण करा, संवादाखालची पातळी इथपर्यंत, म्हणजे अंधारात पायाला अंदाज घ्यावा लागत नाही.

ब्लॅकआऊटचं आधी ठरवून घ्या. क्यू आला की टाच खाली, पण ८ सेकंदांचा रिव्हर्ब असेल तर दिवे परत लागून पुढचा प्रवेश सुरू झाला तरी मागचा पॅड चालूच असतो आणि पहिलं वाक्य त्याच्यावर पडतं. प्रवेशबदल पटकन असेल तिथे डिके ३ सेकंद आणि डिलेचा फीडबॅक २० टक्के असलेला वेगळा पॅच सेव्ह करून ठेवा, आणि ब्लॅकआऊटच्या आधीच्या कॉर्डलाच त्यावर जा, ऐन क्यूवर बदललात तर काही मशीनमधे आवाज क्षणभर तुटतो.